काकू, २० ब्लॅक रेफ्युजी मिळतील का? : टोरोंटोतल्या मराठी विद्यार्थ्यांना खुलं पत्र

टोरोंटो आणि आसपास सोशल वर्क, पब्लिक हेल्थ, सायकॉलॉजी शिकायला आलेल्या माझ्या मराठी मुलामुलींनो,

गेल्या दोन महिन्यांत तुमच्यातल्या पाच जणांचे मेसेज आले, पाचही साधारण एकसारखेच. "काकू नमस्कार, माझा थिसिस ब्लॅक रेफ्युजींच्या मेंटल हेल्थवर आहे, तुम्ही त्यांच्यात काम करता असं कळलं, एप्रिलपर्यंत २० पार्टिसिपंट मिळतील का, प्रत्येकी ४५ मिनिटं, २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ." एकाने तर खाली हात जोडलेला इमोजी टाकून "शक्यतो इंग्लिश बोलणारे" असंही लिहिलंय. वाचून आधी हसू आलं, मंडईत २० नारळ सांगून ठेवतात तसं, आणि मग वाईट वाटलं, कारण मुलं तुम्ही चांगली आहात, आणि हे असंच विचारायचं असतं असं तुम्हाला शिकवलं गेलंय. म्हणून प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या, टाइप करायला बसले की मला थांबता येत नाही.

माझं थोडक्यात सांगते. मी मूळची अमरावतीची, २००९ ला इकडे आले, नवऱ्याची नोकरी, मुलगी लहान, जे काम मिळेल ते करायचं अशी परिस्थिती. माझं पहिलं काम म्हणजे एका रिसर्च प्रोजेक्टच्या मुलाखती ऐकून टाइप करणं. हेडफोन लावून रोज सहा तास लोकांचं ऐकायचं आणि ते काय बोलले, कुठे थांबले, कुठे रडले ते कंसात लिहायचं. त्या मुलाखतींचा पुढे पेपर झाला, मी तो शोधून वाचला, आणि त्यात मी जे सहा-सहा तास ऐकलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय. आता स्कारबरोत, म्हणजे टोरोंटोच्या पूर्व भागात, एका छोट्या ग्रुपमध्ये आहे, त्यात सुदान, सोमालिया, इरिट्रिया, युगांडा, काँगो अशा ठिकाणांहून आलेले लोक स्वतः रिसर्च करतात, म्हणजे प्रश्न तेच ठरवतात, मुलाखती तेच घेतात, त्यातून काय निघालं तेही तेच बसून काढतात. मी फक्त फॉर्म भरते, हिशोब बघते आणि चहा करते. याला इंग्लिशवाले पीअर-लेड म्हणतात, पीअर म्हणजे त्यांच्यातलाच, तेच भोगलेला माणूस. तुमच्या प्रपोजलमध्येही तो शब्द आहे, पाचपैकी तिघांच्या. आणि तिघांनीही पीअर म्हणजे 'जो मला पार्टिसिपंट आणून देईल तो' असा अर्थ घेतलाय. ते पीअर-लेड नाही रे बाबांनो, त्याला आपल्याकडे एजंट म्हणतात.

तुमच्यातले बरेच जण २०२३ च्या सप्टेंबरात आलात, म्हणून त्याआधीचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल. टोरोंटोच्या डाउनटाउनमध्ये पीटर स्ट्रीटवर १२९ नंबरला शहराचं शेल्टरमध्ये घेण्याचं ऑफिस आहे. त्या वर्षी १ जूनला शहराने उघड जाहीर केलं की रेफ्युजी क्लेम केलेल्यांना, म्हणजे इथे येऊन आश्रय मागितलेल्यांना, साध्या शेल्टरमध्ये घ्यायचं नाही, त्यांना केंद्र सरकारच्या योजनांकडे पाठवायचं (आतून ते नोव्हेंबर २०२२ पासूनच चालू होतं). केंद्र सरकार म्हणे ही शहराची जबाबदारी, शहर म्हणे पैसे तुम्ही द्या, आणि या दोघांच्या मधे फुटपाथवर माणसं झोपली, बहुतेक सगळी आफ्रिकेतून आलेली, जुलैच्या पावसात पुठ्ठे आणि ताडपत्री घेऊन. शेवटी १७ जुलैला त्यांना तिथून हलवून नॉर्थ यॉर्कच्या चर्चमध्ये नेलं, तेही ब्लॅक समाजातल्या लोकांनी आणि चर्चवाल्यांनी पुढाकार घेतला म्हणून. दुसऱ्या दिवशी केंद्राने देशभरासाठी २१ कोटी २० लाख डॉलर जाहीर केले, त्यातले ९ कोटी ७० लाख टोरोंटोला. म्हणजे पैसे होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये शहराच्याच ओम्बड्समनने, म्हणजे कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, चौकशी करून लिहिलं की तो निर्णय म्हणजे ब्लॅक लोकांविरुद्धचा वंशभेद होता. शहराच्या प्रशासनाने ते मान्य केलं नाही, तो भाग वेगळा.

हे सांगायचं कारण असं की त्याच दिवसांत एका मोठ्या संस्थेचा सर्व्हे चालू होता, नाव घेत नाही, आणि चर्चच्या हॉलमध्ये आमच्यातल्या एका इरिट्रियन बाईला (हिला मी इथे फक्त ताई म्हणते) 'पीअर' म्हणून नेमून हातात टॅब दिला होता. डिप्रेशन मोजायची ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुम्हाला पाठ असेल, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं वगैरे. त्यात झोपेचा प्रश्न आहे, झोप लागत नाही किंवा फार लागते का म्हणून. ताईने तो प्रश्न आपल्या भाषेत वाचला. समोरची बाई रस्त्यावरून नुकती त्या हॉलमध्ये आलेली, रात्रभर ट्यूबलाइट चालू, शेजारी चाळीस माणसं, कोणाचं तरी बाळ रडतंय. तिने ताईकडे बघितलं आणि म्हणाली, "तू मला हे खरंच विचारतेयस?" ताईने टॅब बंद करून ठेवला. पण टॅब बंद करून चालत नाही ना, पुढचं पान उघडायला उत्तर लागतं, म्हणून संध्याकाळी सुपरवायझरने तिथे 'जवळजवळ रोज' भरायला लावलं. ती बाई आता कुठल्यातरी टक्केवारीत मध्यम ते तीव्र डिप्रेशनमध्ये मोजली गेली असेल. दिवा बंद केला असता तर कदाचित सौम्य निघाली असती.

आजार नव्हता असं मी म्हणत नाही हं. आजार असतो. ऑन्टारिओचाच, म्हणजे आपल्या इथल्या प्रांताचाच, एक मोठा अभ्यास आहे, २०१५ साली कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला, त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या रेफ्युजींमध्ये सायकोसिसचं (भास-भ्रम होणाऱ्या आजाराचं) प्रमाण बाकी लोकांच्या जवळजवळ दुप्पट निघालं होतं. आणि तुम्ही पुढचा आकडाही वाचा, दक्षिण आशियातून आलेल्या रेफ्युजींमध्ये दीडपट. दक्षिण आशिया म्हणजे आपणच. तर प्रश्न आजार आहे की नाही हा नाहीच, आपण कोणत्या तोंडाने आणि कोणत्या शब्दांत विचारतो हा आहे.

शब्दांचं आपल्याला कळायला हवं, म्हणजे मराठी माणसाला तरी. माझी आजी कधी 'नैराश्य' म्हणाली नाही, तो शब्द पेपरातला. ती म्हणायची डोक्यात विचार फिरतात, जीव लागत नाही, टेन्शन आलंय. आता बघा, झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत याला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. १९९० च्या दशकात आपल्या मुंबईचे डॉ. विक्रम पटेल हरारेमध्ये काम करत होते, त्यांनी तिथल्या लोकांच्या तोंडच्या शब्दांवरून शोनामध्ये लक्षणांची प्रश्नावली तयार केली, बाहेरची उचलून भाषांतर नाही केली. मग परत येऊन १९९६ ला गोव्यात सहकाऱ्यांबरोबर 'संगाथ' सुरू केली. आणि त्याच संगाथने पुढे आमच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम केला, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात, गावातल्याच लोकांना शिकवून. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे तिथे सुरुवातीला १०० त जेमतेम ४ होते, नंतर २७ झाले. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी इथे स्कारबरोत किचनमध्ये एकटी बसून रडले, कारण माझा मामा त्याच पट्ट्यातला, आणि आम्ही त्याला कधीच कोणी काही विचारलं नाही. असो.

हरारेतली ती शोना प्रश्नावली वाया गेली नाही. तिथे २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आणि त्यावर बसून ऐकून घेणाऱ्या आज्या, सुरुवातीला फक्त १४. तपासायला तीच प्रश्नावली, थोडी छोटी करून. २०१६ मध्ये त्याची नीट चाचणी छापून आली, ५७३ लोकांवर, आणि फरक पडला होता. पण मला डॉ. चिबांडांची सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट आकड्यांची नाही. त्यांची एक पेशंट गेली, तिने स्वतःला संपवलं, ती हॉस्पिटलला परत का आली नाही म्हणून विचारलं तर आई म्हणाली बसचे १५ डॉलर नव्हते. १५ डॉलर! इथे टीटीसीचं, म्हणजे शहराच्या बस-मेट्रोचं, एका वेळचं तिकीट ३ डॉलर ३० सेंट आहे, जाऊन-येऊन साधारण साडेसहा, आणि मी अशी माणसं बघितलीत जी काउन्सेलिंगची अपॉइंटमेंट सोडून ते साडेसहा डॉलर वाचवतात कारण इमिग्रेशनच्या वकिलाकडे जायचंय. सरकारी योजनेत रेफ्युजींना काउन्सेलिंग मिळू शकतं, कागदावर आहे, पण आधी मंजुरी, मग त्या योजनेत नोंदणी असलेला थेरपिस्ट शोधा, मग तो तुमची भाषा बोलणारा शोधा, मग त्याच्याकडे जायचं तिकीट. आमच्या ग्रुपने स्वतःचा पहिला अभ्यास केला तेव्हा मला वाटलं होतं हे लोक ट्रॉमाबद्दल विचारतील. त्यांनी लिहिलेला पहिला प्रश्न होता: "तुम्ही आज इथे कसे आलात?" म्हणजे बसने का चालत. त्या एका प्रश्नावर लोक अर्धा-अर्धा तास बोलले.

आता तुमच्या ४५ मिनिटांबद्दल. तुमच्या पाचपैकी चार जणांच्या प्रश्नांमध्ये आहे: "तुमच्या देशात तुमच्यावर काय प्रसंग आला ते सांगाल का?" हे काढा. लगेच काढा. क्लेम केलेल्या माणसाने तीच गोष्ट ठराविक दिवसांत एका सरकारी फॉर्मवर लिहून दिलेली असते, तिच्यावर पुढे ट्रिब्युनलसमोर सुनावणी असते, आणि त्या गोष्टीत तारीख इकडची तिकडे झाली तर समोरचा म्हणू शकतो की हा खोटं बोलतोय. २०२४ च्या अखेरीस अशी अडीच लाखांहून जास्त प्रकरणं पडून होती, म्हणजे माणूस वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं ती गोष्ट तोंडात धरून बसलेला असतो, अंडं धरल्यासारखी. आणि तुम्ही रेकॉर्डर लावून म्हणता, जरा सांगा ना. तुमच्या एथिक्सच्या फॉर्मवर 'त्रास झाल्यास हेल्पलाइनचा नंबर देऊ' असं लिहिलेलं असतं. हेल्पलाइन काय करणार त्याला? ज्याची स्वतःची सुनावणी झालीय तो पीअर हा प्रश्न कधीच विचारत नाही, त्याला शिकवावं लागत नाही. आमच्यातला एक काँगोचा गृहस्थ मुलाखतीच्या सुरुवातीलाच म्हणतो, "तुझी केस मला सांगू नकोस, मला नकोय ती." समोरच्याचे खांदे कसे खाली येतात ते बघायला पाहिजे एकदा.

आणि हेल्पलाइनचंच निघालंय तर, मदतीला फोन केला की दारात पोलीस येतील ही भीती या घरांमध्ये असते. जुलै २०१५ मध्ये टोरोंटोत अँड्र्यू लोकू नावाच्या माणसाला पोलिसांनी गोळ्या घातल्या, दक्षिण सुदानहून रेफ्युजी म्हणून आलेला, ४५ वर्षांचा, मानसिक आजार असलेल्यांसाठी ज्या इमारतीत घरं ठेवलेली असतात तिथेच राहायचा, हातात हातोडी होती. २०१७ च्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मृत्यूच्या अधिकृत चौकशीत, ज्यूरीने ३९ शिफारशी केल्या. मधल्या काळात, जुलै २०१६ मध्ये, ओटावात अब्दिरहमान अब्दी गेला, सोमालियातून आलेला, त्यालाही मानसिक त्रास होता, त्याच्याच बिल्डिंगच्या दारात पोलिसांनी पकडताना झालेल्या मारहाणीनंतर. त्या पोलिसावर खटला झाला, तो २०२० मध्ये निर्दोष सुटला. ही दोन नावं सोमाली आणि सुदानी घरांमध्ये लहान पोरांनाही माहीत आहेत. आता शहराने पोलिसांशिवाय येणारी क्रायसिस टीम सुरू केलीय, २११ ला फोन केला की येते, २०२२ मध्ये चालू झाली, स्कारबरोच्या बाजूला ताइबू कम्युनिटी हेल्थ सेंटर त्यात आहे, चांगलं काम आहे. पण एखादी आई मुलाला मध्यरात्री भास होतायत तरी फोन का करत नाही याचं उत्तर तुमच्या प्रश्नावलीत 'कलंक' आणि 'जागरूकतेचा अभाव' असं दोन चौकोनांत टिक करून घेऊ नका. तिला जागरूकता फार आहे. तीच तर अडचण आहे.

बरं, पीअर म्हणजे देव असंही नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही मला मेल करून म्हणाल की मग काकू आपण सगळं त्यांच्यावरच सोडू. समाज छोटा असतो, गोष्टी फिरतात. इरिट्रियन लोकांमध्ये तिथल्या सरकारच्या बाजूचे आणि विरुद्ध असे दोन तट आहेत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोत त्यांच्या फेस्टिवलच्या वेळी चक्क मारामारी झाली. मग इरिट्रियन माणसासमोर इरिट्रियन पीअर बसवला की झालं असं कसं म्हणायचं? युगांडाहून आलेली कितीतरी मुलं समलिंगी आहेत म्हणून पळून आलीत, तिकडे २०२३ मध्ये त्याविरुद्ध भयंकर कायदा झाला, आणि त्यांना आपल्याच चर्चमधला, आपल्याच गावाकडचा पीअर नकोच असतो, तो सोडून कोणीही चालेल. आमच्याकडे एका मुलाने स्पष्ट सांगितलं, मला ती इंडियन काकू चालेल. मी त्या दिवशी चहा करायचं सोडून मुलाखत घेतली. म्हणून आता आम्ही आधी माणसालाच विचारतो की तुझ्यासमोर कोण बसू, कोणाला बघितलं तर तू उठून जाशील. हा शहाणपणाही पीअर लोकांनीच आणला, माझ्या डोक्यात आला नव्हता.

पैशाचं बोलू, कारण तुम्ही ते शेवटच्या ओळीत टाकता. गिफ्ट कार्ड बंद करा. माणसाने कष्ट केले, त्याला कॉफीच्या दुकानाचं कार्ड कसलं देता? पीअर रिसर्चरला तासाचे पैसे द्या, ट्रेनिंगचेही, मुलाखतीनंतर बसून राहतो त्या वेळेचेही. आणि देताना हेही बघा की तो सरकारी मदतीवर असेल तर ऑन्टारिओ वर्क्सचा (प्रांताच्या मदत योजनेचा) नियम आहे, महिन्याची कमाई २०० डॉलरच्या वर गेली की वरच्या प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापतात. आमच्या एका बाईला एका प्रोजेक्टने मोठ्या कौतुकाने एकदम ९०० डॉलरचा चेक दिला आणि तिची मदत ३५० ने कापली गेली, तीन महिन्यांत थोडे थोडे दिले असते तर तिचे २०० पण गेले नसते. हे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या फायनान्सला माहीत नसतं, विचारावं लागतं. वर्क परमिट यायचं असेल तर आणखी वेगळी भानगड.

आणि तो मुलाखत घेऊन घरी जातो तेव्हा काय होतं? तुम्ही रेकॉर्डिंग अपलोड करून लॅपटॉप मिटता. तो ज्याची मुलाखत घेतली त्याच्याच बसने घरी जातो, रविवारी त्याच चर्चमध्ये किंवा शुक्रवारी त्याच मशिदीत भेटतो, रात्री अकराला त्याचा फोन येतो की मला आज बरं वाटत नाहीये. ताईने त्या उन्हाळ्यात ३० मुलाखती घेतल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिची स्वतःची झोप गेली, वजन कमी झालं, आणि ज्या प्रोजेक्टने तिला नेमलं होतं तो सप्टेंबरमध्ये संपला होता. आता आम्ही आठवड्याला दोनच मुलाखती करू देतो, तिसरी नाही, आणि दर शुक्रवारी सगळे मिळून नुसते बसतो, त्या बसण्याचेही पैसे देतो. ग्रँट देणाऱ्यांना हे पटवताना माझ्या नाकी नऊ येतात, "व्हॉट इज द डिलिव्हरेबल" विचारतात, म्हणजे यातून हातात काय मिळणार. ताईची झोप हा डिलिव्हरेबल आहे हो.

तुम्ही म्हणाल इतकं सगळं आम्ही नव्याने कुठे शिकायचं. नव्याने नाही. टोरोंटोत हे काम वीसेक वर्षं चालू आहे, ॲक्सेस अलायन्स या आरोग्य संस्थेने पीअर रिसर्चर तयार केले, वेलस्ली इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१० च्या आसपास यावर लिहून ठेवलंय, आणि ब्लॅक समाजाच्या आरोग्याची माहिती कोणाच्या ताब्यात असावी यावर २०२१ मध्ये ऑन्टारिओतल्याच ब्लॅक हेल्थ इक्विटी वर्किंग ग्रुपने 'ईगॅप' नावाची चौकट केली. त्याआधी फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, लोकांनी आपल्या माहितीवर आपला हक्क सांगणारी 'ओकॅप'ची तत्त्वं १९९८ मध्येच मांडली होती. ते वाचून या. गाइडने दिलं नसेल तरी वाचा.

एक कडू गोष्ट राहिली, ती मराठीत लिहितेय म्हणूनच लिहिता येते. तुमच्यातल्या किती जणांच्या घरमालकाने टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला बेसमेंट भाड्याने देताना सांगितलंय की "बरं झालं तुम्ही आपले आलात, कालच काळ्यांचं एक कुटुंब बघून गेलं, त्यांना काही मी देणार नव्हतो"? मला माझ्या समोर सांगितलंय, मराठीत, चहाबरोबर. पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीत सुदानी मुलांना फ्लॅट द्यायचा नाही असं मीटिंगमध्ये ठरलं होतं, आणि तीच माणसं इथे मुलाकडे आली की वंशभेदाबद्दल तक्रार करतात. तेव्हा तुम्ही ब्राउन आहात म्हणून समोरचा तुम्हाला आपलं समजेल असं धरून चालू नका. तो ज्या पाच दारांवरून परत आलाय त्यातली दोन आपल्या लोकांची असतील. आमच्या ग्रुपच्या अभ्यासात 'घर शोधताना' या भागात मालक कुठला होता ते लोक आपणहून सांगायचे, मी समोर चहा घेऊन उभी असले की थांबायचे. मी मग किचनमध्ये जायचे.

तर उत्तर. २० पार्टिसिपंट मिळणार नाहीत. एप्रिल तर सोडाच. पण ज्यांना खरंच यायचंय त्यांनी या, शुक्रवारी संध्याकाळी सहाला, पत्ता मेसेज करते, प्रपोजल घरी ठेवून या. पहिले तीन शुक्रवार काही विचारायचं नाही, खुर्च्या लावायच्या आणि भांडी घासायची, हा नियम माझा नाही त्यांचा आहे. चौथ्या शुक्रवारी तुमची मुलाखत होईल, ताई घेणार आहे, ४५ मिनिटं. प्रश्न तिने लिहून ठेवलेत, मी वाचलेत पण तुम्हाला सांगणार नाही, फक्त एवढं सांगते की पहिला प्रश्न तुम्ही आज इथे कसे आलात हाच आहे.

येण्याजाण्याचे साडेसहा डॉलर आम्ही देतो. पावती ठेवा.

तुमची,
स्कारबरोची काकू